एकोणतिसावा दिवस

श्वेलान आमच्या यादीत सदतिसाव्या क्रमांकावर होती. कतारमध्ये राहणाऱ्या चिनी कुटुंबांना दवाखान्यांचा काय अनुभव येतो, त्यांना काय लागतं आणि काय मिळत नाही, हे शोधणाऱ्या एका प्रकल्पात मी वर्षभरासाठी लागले होते. बायोमेडिकल सायन्सची पदवी हातात होती आणि पुढे काय शिकायचं ते ठरत नव्हतं. साठ घरांत जायचं, टॅबवर प्रश्न वाचायचे, उत्तरं भरायची आणि अल रय्यानमधल्या ऑफिसात येऊन प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. उजमांना आकडे दाखवायचे, एवढंच काम. चिनी मला येत नाही. ज्या बायकांना इंग्रजी येत असे त्यांच्याकडेच मला पाठवत.

ऑक्टोबरच्या अखेरीचा सोमवार होता. अल मुंतझामधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. दार तिच्या सासूने उघडलं. साठीच्या, ठेंगण्या बाई. त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या थंड पाण्याच्या बाटलीकडे. बाटली त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि मगच मला आतल्या खोलीत जाऊ दिलं.

आत एसी बंद होता. खिडक्याही बंद. आमच्या किटमध्ये खोलीचं तापमान मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यावर एकतीस पूर्णांक दोन आलं. पलंगावर, पायात मोजे आणि डोक्याला लोकरी टोपी घालून, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी एक मुलगी उशीला टेकून बसली होती. शेजारी थर्मास. खोलीला आल्याचा आणि कसल्यातरी उकळलेल्या धान्याचा वास होता.

"बस," ती म्हणाली. "घाम येईल तुला. मलाही येतो. आज बारावा दिवस."

"कशाचा?"

"आमच्याकडे बाळंतपणानंतर महिनाभर असंच बसायचं असतं. बाहेर जायचं नाही, वारा नको, गार पाणी नको, अंघोळ नको, काम नको." तिने बोटं दुमडत मोजलं आणि किंचित हसली. "तीस दिवस."

मी प्रश्न सुरू केले. नाव, वय, कतारमध्ये किती वर्षं. ती रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माती तपासायची. नवरा जुनवेई त्याच कंपनीत, पण त्याची साइट लांब उत्तरेला, म्हणून तो आठवड्यातून एकदा घरी येई. चौथा प्रश्न होता, बाळ किती दिवसांचं आहे. कंपनीने आम्हाला दिलेल्या यादीत तिच्या नावापुढे फक्त 'नुकतीच प्रसूती' असं लिहिलं होतं.

"बाळ नाही," श्वेलान म्हणाली. "पस्तिसाव्या आठवड्यात ठोके थांबले. मुलगा होता."

टॅबवर त्या प्रश्नाला फक्त आकडा चालत होता. मी काहीच टाकलं नाही, तर टॅब पुढे जाईना.

"मी थांबते," मी म्हणाले. "तुला नको असेल तर..."

"शून्य टाक. मी लॅबमध्ये काम करते, रिकामा रकाना मलाही चालत नाही." मग म्हणाली, "विचार तू. अजून अठरा दिवस मला दुसरं काही काम नाही."

मी शून्य टाकलं.

पुढे बाळंतिणीच्या मनःस्थितीची दहा प्रश्नांची प्रश्नावली होती. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तेरा किंवा जास्त आली तर आम्ही त्या बाईला लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, असा नियम. मी प्रश्न वाचत गेले आणि ती लॅबमधलं मोजमाप सांगावं तशी उत्तरं देत गेली. गेल्या सात दिवसांत दुःखामुळे झोप लागली नाही, असं झालं का? नाही, चौदा चौदा तास झोपते. कामं झेपत नाहीत असं वाटलं का? कामच नाही. दुःखाने रडू आलं का?

"एकदाही नाही," ती म्हणाली.

बेरीज आठ आली. टॅबवर हिरवा ठिपका उमटला. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. निघताना सासूबाईंनी माझी बाटली परत दिली. त्यातलं गार पाणी ओतून टाकून त्यांनी कोमट पाणी भरलं होतं.

डॉ. उजमांना मी सांगितलं, की सदतीस नंबरचं मूल गेलंय, पण ती खूप धीराची आहे, स्कोअर आठ. त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल उघडली.

हे सगळं दोन आठवडे माझ्या डोक्यात तसंच राहिलं. मग दुसऱ्या रविवारी जेवताना मी आईला त्या खोलीबद्दल सांगितलं, खरं तर गंमत म्हणून. एकतीस डिग्री, लोकरी टोपी, पायात मोजे. आमच्या घरी बाबा, म्हणजे संजीव देशपांडे, गॅस कंपनीत शिफ्टला असतात, त्यामुळे जेवायला बहुतेक आम्ही दोघीच.

आई हसली नाही. म्हणाली, "त्यात काय एवढं? तू झालीस तेव्हा आजी नाशिकहून आली होती. मे महिना होता. इथे दोहात, अगं, एसी बंद करून माझ्या कानात कापूस, डोक्याला स्कार्फ, आणि वर शेक. बाबा खोलीत यायचे आणि दोन मिनिटांत पळायचे. म्हणायचे, विभावरी, तू बाळंतीण आहेस की तंदुरी!"

"पण हिला बाळ नाहीये, आई. तरी सगळं पाळतात. आणि ती इतकी शांत आहे. मी विचारलं तर म्हणाली, एकदाही रडले नाही."

आईचा घास हातात राहिला.

"कशी रडेल?" ती म्हणाली. "बाळंतिणीला रडू देत नाहीत, ईशू. डोळे अधू होतात म्हणतात. मला माझे बाबा गेल्याचं सव्वा महिन्यानंतर सांगितलं, माहितेय ना तुला? का, तर रडेन म्हणून. त्या लोकांतही तसंच असणार. एवढं शिकलीस, प्रश्न विचारत फिरतेस, आणि हे नाही विचारलंस?"

"ते प्रश्नावलीत नाही."

"मग प्रश्नावलीत काय आहे?"

मी उठून टॅब आणला. जेवण तसंच राहिलं. तीन प्रश्नांना तिला शून्य मिळालं होतं: झोप, कामं, रडणं. झोपायची तिला सक्ती होती. कामाला बंदी होती. रडायलाही बंदी असेल, तर ती तीन शून्यं तिची नव्हतीच, ती त्या महिन्याच्या नियमांची होती. तीन प्रश्नांचे जास्तीत जास्त नऊ गुण. आठ अधिक किती, हे मला माहीत नव्हतं. पण आठ चूक होतं, आणि त्याच्या खाली सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. उजमांपुढे मी हे सगळं मांडलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मानसोपचार विभागात फोन केला, तर सगळ्यात लवकरची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती.

"ती वेळ मी घेते," त्या म्हणाल्या. "पण तू तिच्या घरी परत जाऊ शकत नाहीस बेटा. आपण संशोधक आहोत, नातेवाईक नाही. एकदा उत्तर घेतलं, की खलास."

मी उभीच राहिले. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"जायचंच असेल तर ओळखपत्र इथे काढून ठेव. आणि टॅबही."

तो सव्विसावा दिवस होता. सासूबाईंनी मला ओळखलं. या वेळी माझ्या हातात बाटली नाही हे पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि आत जाऊ दिलं.

"प्रश्न राहिले का?" श्वेलानने विचारलं.

"एकच. तू रडत नाहीस, कारण रडायचं नसतं म्हणून?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना इंग्रजीचा शब्द कळत नव्हता, तरी श्वेलानने आवाज खाली आणला.

"मला रडू येतं तेव्हा मी वाळूचे आकडे आठवते. कुठल्या चाळणीतून किती टक्के जाते. पाच मिलिमीटर, दोन मिलिमीटर, खाली खाली. सगळ्यात बारीक चाळणीपर्यंत येईतो जातं ते." मग सासूबाईंकडे बघून म्हणाली, "मा वाईट नाहीत. माझी काळजीच घेतात. दिवसातून सहा वेळा खायला देतात. दूध आलं तेव्हा ते आटायला मोड आलेल्या जवाचं पाणी उकळून त्यांनीच दिलं. पण त्या त्याचं नाव काढू देत नाहीत. त्याला नाव नव्हतंच म्हणा."

मी डॉक्टरांच्या वेळेचं सांगितलं. तिने मान हलवली.

"रविवारी सकाळी माझं विमान आहे. हुनानला, माझ्या आईकडे. मी नोकरी सोडली. जुनवेईचंही काम मार्चपर्यंतच आहे. मी परत येणार नाही." मग ती म्हणाली, "तुला मदत करायची असेल तर दुसरं एक काम आहे."

तिने जे सांगितलं ते असं. प्रसूती झाली तेव्हा तिला गुंगीचं औषध दिलेलं होतं. हॉस्पिटलच्या लोकांनी फोनवर दुभाषी जोडून विचारलं, की आईला बाळ बघायचंय का. उत्तर नवऱ्याने आणि सासूने दिलं: नको. ती जागी झाली तेव्हा सगळं उरकलं होतं. दफन कुठे झालं ते जुनवेईला माहीत होतं, पण त्यांच्याकडे आईबाप मुलाच्या अंत्ययात्रेला जात नाहीत, आणि तिला ती जागा नकोच होती.

"मला चेहरा हवाय," ती म्हणाली. "वॉर्डमधल्या एका बाईने सांगितलं, की ते लोक अशा बाळांचा फोटो काढून फाइलमध्ये ठेवतात. मी फोन केला होता. ते म्हणाले, आईने स्वतः क्यूआयडी ओळखपत्र घेऊन यायला हवं. रेकॉर्ड विभाग रविवार ते गुरुवार."

मी मनात दिवस मोजले. तिसावा दिवस शुक्रवारी येत होता. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी सकाळी विमान.

"म्हणजे उशिरात उशिरा गुरुवार," मी म्हणाले.

"गुरुवार एकोणतिसावा. मा मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. मी विचारलं. म्हणाल्या, उरलेलं आयुष्य सांधे दुखतील आणि तेव्हा मला शिव्या घालशील."

मी फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून सासूबाईंशी बोलून पाहिलं. एका दिवसाने शरीराला काही होत नाही, असं सांगितलं, ज्या देशांत हे पाळत नाहीत तिथल्या बायकांचं काय, ते सांगितलं. ॲपने ते सगळं चिनीत वाचून दाखवलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच वाक्य बोलल्या. ॲपने ते इंग्रजीत केलं: तुला मुलं किती?

घरी आल्यावर मी आईला हे सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "बरोबर विचारलं त्यांनी. तू गप्प बस आता. गुरुवारी मी येते."

गुरुवारी सकाळी नऊला आई तिच्या जुन्या गाडीतून माझ्यासोबत अल मुंतझाला आली. तिच्या हातात एक पिशवी होती. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि डबा उघडून डिंकाचे लाडू सासूबाईंपुढे ठेवले.

"बाळंतिणीचे आहेत," ती चक्क मराठीत म्हणाली. "खारीक, खोबरं, डिंक. तूप मी घरी कढवलंय."

सासूबाईंनी लाडू उचलून हुंगला, फोडला, त्यातला डिंकाचा फुललेला दाणा नखाने काढून दाताखाली धरला. मग त्या त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि मातीच्या भांड्यावरचं झाकण काढून आईला आत काय शिजतंय ते दाखवलं.

"आलं आणि गूळच आहे की," आई मला म्हणाली. "आणि हे काय गं, अंडी? बरं, असू दे."

पंधरा मिनिटं त्या दोघी अशाच बोलत होत्या, एकीचं दुसरीला अक्षर कळत नसताना. मी मध्ये ॲप धरलं तर आईने माझा हात बाजूला केला. मग ती श्वेलानच्या खोलीत गेली. पिशवीतून तिने कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि श्वेलानच्या कानांत घातले. जाड सुती स्कार्फ तिच्या डोक्यावरून, कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. दुसरी ओढणी पोटावर घट्ट बांधली. मोज्यांवर आणखी एक जोडी मोजे. थर्मास भरून घेतला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आईने गाठ मारली तेव्हा त्या पुढे आल्या, गाठ सोडली आणि आणखी घट्ट मारली.

"हं," आई म्हणाली. "आता कसं!"

मग आई सासूबाईंकडे वळली. हाताने गाडीचं चाक फिरवल्यासारखं केलं, एसीचं बटण बंद केल्यासारखं केलं, काचा वर केल्यासारखं केलं. सासूबाईंनी सुनेच्या हनुवटीखालची गाठ पुन्हा चाचपून पाहिली. शेवटी त्यांनी आत जाऊन स्वतःचं जाकीट घातलं आणि पायात बूट चढवले.

"त्या येतायत," श्वेलान म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच नेहमीसारखा नव्हता.

बाहेर एकोणतीस डिग्री होतं. बंद गाडीत, काचा वर आणि एसी बंद, चौघी. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. आई घाम पुसत गाडी चालवत होती आणि म्हणत होती, "यल्ला, यल्ला, चल बाबा, हा सिग्नल तरी सुटू दे." मागे श्वेलान खिडकीला हात लावून बाहेर बघत होती. अठ्ठावीस दिवसांनी ती रस्ता बघत होती. एका ठिकाणी तिने मला हळूच सांगितलं, "इथल्या डांबराखालची माती मी तपासली आहे."

हॉस्पिटलमध्ये रेकॉर्डच्या खिडकीवरून आम्हाला प्रसूती विभागात पाठवलं. तिथे एका लहानशा खोलीत एक नर्स भेटली. तिने आधी श्वेलानचा स्कार्फ पाहिला, मग आईकडे पाहिलं.

"तुम्ही मराठी का?" तिने विचारलं. "हे असं बांधणं मी ओळखलं. मी म्हसळ्याची. शफा."

"बघा," आई म्हणाली. "कुठे भेटतंय माणूस."

शफाने कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि वाचत गेली. वाचताना तिचा चेहरा बदलला. ती माझ्याकडे वळून मराठीतच बोलली, हळू.

"फोटो नाहीये गं. इथे लिहिलंय, कुटुंबाने नकार दिला. फोटो नाही, पावलांचे ठसे नाहीत. विचारलं होतं, नको म्हणाले. नको म्हटलं की आम्ही काढत नाही."

श्वेलान आमच्या दोघींकडे बघत होती. तिला मराठी येत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, थोडा वेळ असंच राहावं, तिला हे कळू नये. पण ती माझ्याकडे उत्तर मागत होती, आणि तिला रिकामा रकाना चालत नसे.

मी तिला सांगितलं.

स्कार्फच्या आत तिचं तोंड अगदी लहान दिसत होतं. मग तिने इंग्रजीत शफाला विचारलं, "फाइलमध्ये काय आहे मग? जे आहे ते वाच."

शफाने वाचलं. जन्माची वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मुलगा. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर. वजन दोन हजार एकशे चाळीस ग्रॅम.

"दोन हजार एकशे चाळीस," श्वेलान म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "हे वजन मला माहीत आहे. मातीचा साचा भरला की एवढाच होतो. रोज उचलायचे मी. दिवसातून दहा वेळा."

आईने तोंड फिरवलं. शफा अजून पडद्याकडेच बघत होती. खाली सरकवत ती थांबली.

"इथे आणखी एक नोंद आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "बाळाला पाहिलं: आजी. वीस मिनिटं. आजीने बाळाला कपडे घातले."

श्वेलानने ते पुन्हा वाचायला सांगितलं. शफाने पुन्हा वाचलं.

सासूबाई भिंतीशी खुर्चीवर, मांडीवर थर्मास धरून बसल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कशाचाच अर्थ कळला नव्हता. त्या उठल्या आणि थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून सुनेपुढे धरलं.

श्वेलानने ते घेतलं नाही. तिने त्यांच्या भाषेत एक छोटा प्रश्न विचारला. सासूबाईंनी झाकण टेबलावर ठेवलं, जाकिटाची चेन वर ओढली आणि खोलीबाहेर निघून गेल्या.

त्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीपाशी उभ्या होत्या. आईने दार उघडलं, सगळ्या आत बसलो, काचा वर केल्या. कुणीतरी बोलेल म्हणून आईने गाडी सुरू केली नाही. गाडीत आल्याचा वास होता आणि आतली हवा तापायला लागली होती.

सासूबाईंनी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलायला सुरुवात केली. मोठ्याने, जवळजवळ रागावल्यासारखं. मला वाटलं त्या भांडतायत. श्वेलान एकदा मध्ये बोलली, त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि बोलत राहिल्या. मग त्यांचा आवाज तुटला.

"काय म्हणतायत?" आईने मला विचारलं. मला काय माहीत.

श्वेलानने कानातला एक बोळा काढला. नंतर दुसराही. सासूबाईंनी तिला अडवलं नाही.

"म्हणतात, त्या नको म्हणायलाच आत गेल्या होत्या," श्वेलान इंग्रजीत म्हणाली, अगदी सपाट आवाजात, शब्द न शब्द भाषांतर करत. "म्हाताऱ्या माणसाने असं मूल बघू नये. पण नर्सने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं, आणि ते कापड त्यांना पातळ वाटलं. पिशवीत त्यांनी शिवलेलं लाल जाकीट होतं. म्हणून त्यांनी घातलं. बाह्या लांब होत्या, त्या दुमडल्या."

सासूबाई पुन्हा बोलल्या.

"केस खूप होते. काळे, मानेपर्यंत. डावा कान वरून थोडा दुमडलेला. बोटं लांब. नखं वाढली होती." ती थांबली. सासूबाईंनी एक वाक्य सांगितलं आणि ते तिने लगेच भाषांतरित केलं नाही.

"काय?" मी विचारलं.

"मी विचारलं, कोणासारखा होता. म्हणतात, माझ्यासारखा. म्हणून त्यांना महिनाभर माझ्याकडे बघवत नव्हतं. आणि मला सांगितलं असतं तर मी रडले असते आणि माझे डोळे गेले असते. फोटोही म्हणूनच नको म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी तो बघत बसेन."

आता सासूबाई रडत होत्या. आवाज न करता, तोंडावर हात दाबून, खांदे हलत होते. आईने पुढच्या सीटवरून मागे हात टाकला आणि त्यांचा गुडघा धरला. सासूबाई तोंडावरचा हात काढून श्वेलानला काहीतरी म्हणाल्या, दोनदा तेच.

"म्हणतात, रड आता. एक दिवस राहिला तर राहू दे."

आम्ही तिघीही तिच्याकडे बघत होतो. श्वेलानने प्रयत्न केला, हे मला दिसलं. तिने डोळे मिटले, ओठ एकदा वाकडे झाले. काही आलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा ते कोरडेच होते.

"होत नाहीये," ती मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली.

प्रश्नावलीत त्यासाठी ओळ नव्हती, आणि माझ्याकडे टॅबही नव्हता. पार्किंगच्या रखवालदाराने काचेवर टकटक केली. गाडी हलवा, असं तो हाताने सांगत होता. आईने काच इंचभर खाली केली आणि हिंदीत म्हणाली, "भैया, दो मिनिट. हमारा बच्चा गया है." तो वाकून गाडीत डोकावला, मग मागे सरला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

आईने काच पुन्हा वर केली.

श्वेलानने सासूबाईंचा पुन्हा तोंडावर गेलेला हात बाजूला केला आणि त्यांना काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली, नाक पुसलं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"पुन्हा सांगा म्हटलं. मघाशी मी भाषांतर करत होते, मला नीट ऐकू आलं नाही."

सासूबाईंनी पुन्हा केसांपासून सुरुवात केली.